कडेने की मधून?

ठाण्यात नौपाड्याच्या गल्लीत बाबांनी मला सायकल शिकवली तेव्हा एकच नियम घालून दिला होता, "कडेकडेनं चालव." वेल्समधल्या कार्डिफला आल्यावरही मी तोच पाळत होते, आणि तो पाळतानाच पडले.

इथे रोथ भागात अल्बनी रोड आहे. आपल्या गोखले रोडसारखा, दुकानांचा, कडेला गाड्या उभ्या असलेला. मी फुटपाथला चिकटून चालले होते. एका गाडीने मला ओव्हरटेक केलं आणि लगेच माझ्या पुढ्यातून डावीकडच्या गल्लीत वळली. मी करकचून ब्रेक दाबला, चाक घसरलं, कोपर सोलवटलं. गाडीतल्या बाई धावत आल्या. "तुम्ही मला दिसलाच नाहीत," असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. ते खरंच असणार. वळताना ड्रायव्हर जिथे बघतो, तिथे मी नव्हतेच.

पुढे ऑफिसतर्फे सायकलचं प्रशिक्षण मिळालं. प्रशिक्षकाने एका उभ्या गाडीचं दार पूर्ण उघडलं आणि मला नेहमीच्या अंतरावरून सायकल ढकलत न्यायला सांगितली. माझं हँडल सरळ दारावर आदळलं. रोज मी अशा पंचवीस-तीस दारांना खेटून जात होते. त्या दिवसापासून उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहते. जानेवारी 2022 मध्ये सुधारलेल्या ब्रिटिश वाहतूक नियमांतही स्पष्ट लिहिलं आहे की शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ येताना सायकलवाल्याने लेनच्या मधून जावं.

या विचाराचा सर्वांत हट्टी पुरस्कर्ता अमेरिकेतला जॉन फॉरेस्टर. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोने सायकलींना रस्ता सोडून फुटपाथवर जायची सक्ती केली, तेव्हा तो त्याविरुद्ध उभा राहिला. सायकल हे वाहन आहे, चालवणाऱ्याने ड्रायव्हरसारखं वागावं आणि इतरांनीही त्याला तसंच वागवावं, हे त्याचं म्हणणं. बहुतेक टकरी मागून होत नाहीत, चौकात आणि वळणावर होतात, हा त्याचा मुख्य मुद्दा. माझ्या कोपराची साक्ष त्याच्याच बाजूने आहे.

डिसेंबरात ठाण्याला आले तेव्हा दादाची सायकल घेऊन सकाळी सातला गोखले रोडवर निघाले. कडेने जायला जागाच नव्हती. स्कूटर उभ्या, गटाराच्या जाळीच्या फटी चाकाला समांतर, आणि पॅसेंजर दिसला की रिक्षा कुठूनही डावीकडे येणार. मी मागे वळून पाहिलं, हात दाखवला आणि मध्ये आले. मागच्या रिक्षावाल्याने एकदा हॉर्न दिला, मग वेग कमी करून राम मारुती रोडच्या वळणापर्यंत मागेच राहिला. सिग्नलला शेजारी थांबून म्हणाला, "ताई, हात दाखवलात ते बरं केलंत." नौपाड्यात हे जमतं, कारण तिथे रिक्षाचा आणि माझा वेग जवळपास सारखाच असतो.

घोडबंदर रोडवर मात्र माझी हिंमत झाली नाही. मानपाड्याच्या पुलाखाली उभी राहून पाच मिनिटं नुसती पाहत होते. मेट्रोचे खांब, आणि एकामागून एक कंटेनर. माझा वेग ताशी पंधरा, त्यांचा साठ. चौपट वेग म्हणजे सोळापट ऊर्जा, हे शाळेत शिकलेलं तिथे अंगावर आलं. मागून बसणाऱ्या धडका संख्येने कमी असतील, पण बसली तर माणूस वाचणं कठीण. फेब्रुवारी 2024 मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर अवतार सैनी गेले ते असेच. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, तेच. सोबत्यांबरोबर पहाटे सायकल चालवत असताना मागून भरधाव कॅब आली. अशा वेळी सायकलवाला कसाही वागला तरी काय फरक पडणार?

म्हणून फॉरेस्टरने वेगळ्या सायकल मार्गांना आयुष्यभर विरोध केला, ते मला पटत नाही. 1971 मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे 3300 माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले आणि पुढच्या काही दशकांत मोठ्या रस्त्यांलगत सायकलींसाठी वेगळी वाट झाली. वेल्सने दुसरा उपाय धरला, गाड्यांचा वेगच कमी केला. 17 सप्टेंबर 2023पासून इथल्या वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 30 मैलांवरून 20 वर आली, आणि मधून सायकल चालवताना मानेमागची भीती खरोखर कमी झाली. ठाण्यात मात्र घोडबंदरचा सर्व्हिस रोडच मुख्य रस्त्यात सामावून घ्यायचं काम निघालं आहे. सायकलवाल्याने मग जायचं कुठून?

माझा भाचा तेरा वर्षांचा. मानपाड्याहून पातलीपाड्याला क्लासला जातो. "आत्या, तू बाबांना सांग ना, मी सायकलनं जाईन," म्हणून मागे लागला होता. सोसायटीच्या आवारात चार दिवस त्याच्याकडून तालीम करून घेतली. हँडल न वळवता मागे बघणं, हात दाखवणं, उभ्या गाडीच्या दारापासून लांब राहणं. चौथ्या दिवशी हँडल जराही हललं नाही. मग दादाला सांगितलं, आतल्या रस्त्यांवर याला खुशाल सोड, मोठा रस्ता उतरून, सायकल हातात धरून ओलांडू दे. पण घोडबंदरवरून क्लासला नाही. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.