दहापैकी दहा, पण कुणाला?

पोकेमॉनसारखी जमवायची कार्डं तपासून त्यांना नंबर देणारी पीएसए नावाची कंपनी आहे. तिच्या डबीतलं कार्ड कुणालाही दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला. "दहापैकी दहा? एवढं भारी चित्र आहे?" नाही हो. चित्राला इथे कुणी मार्क देतच नाही. ग्रेडिंग करणारा माणूस बघतो चारी बाजूंचं मार्जिन, चार कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. आमच्या धंद्यात पार्टी माल उचलायला आली की जे बघते, तेच. म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो, तो 10 चित्रकाराचा नाही. छापणाऱ्याचा आहे, आणि त्याहून जास्त कापणाऱ्याचा.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं ऑफसेट प्रेस आहे, वडिलांनी जुन्या ट्रेडल छपाई मशीनवर सुरू केलेलं. मराठी लग्नपत्रिका, गुजराती कंकोत्र्या, बिलबुकं, औषधांची खोकी, जे येईल ते. कार्डांचा नाद मात्र माझा एकट्याचा. तोही सगळ्या कार्डांचा नाही. चमकणारी, म्हणजे होलो कार्डं, ग्रेड होऊन आलेली, शक्यतो 10 चीच. बायको त्यांना 'पेटीतले कागद' म्हणते, आणि तिचं काही चूक नाही.

पीएसए ही कंपनी 1991 ची, कॅलिफोर्नियातली. सुरुवात बेसबॉलच्या कार्डांपासून झाली, पोकेमॉन वगैरे नंतर आलं. कार्ड तपासून 1 ते 10 मधला नंबर द्यायचा, कडक प्लास्टिकच्या डबीत घालून डबी अल्ट्रासोनिक वेल्डिंगने बंद करायची, लेबलावर नंबर छापायचा. संग्राहक या डबीला स्लॅब म्हणतात. बेकेट ही अशीच दुसरी कंपनी. ते चारही गोष्टींचे वेगवेगळे मार्क लेबलावर देतात आणि चारही 10 आले तर लेबलच काळं असतं. मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. एकच आकडा दिला की नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही.

आता मार्जिनचं बघा. कार्ड 63 बाय 88 मिलिमीटरचं. 10 हवा असेल तर चित्र समोरून साधारण 55/45 मध्ये बसलेलं लागतं. समजा डाव्या-उजव्या मार्जिनची बेरीज 6 मिलिमीटर आहे, तर एकीकडे 3.3 आणि दुसरीकडे 2.7. फरक फक्त 0.6 मिलिमीटर. गठ्ठा कटिंग मशीनवर ठोकून बसवताना ज्याचा हात थोडा घाईत असतो, त्याच्याकडे एवढा फरक सहज पडतो. ब्लेडची धार गेली की कडेला कागदाचे पांढरे तंतू दिसायला लागतात. संग्राहक त्याला व्हाइटनिंग म्हणतात, आम्ही म्हणतो ब्लेड बदला. पाठीमागे मात्र 75/25 पर्यंत चालतं. हे मला अजून पचलेलं नाही. पाठपोट रजिस्टर (पुढच्या-मागच्या छपाईची जुळणी) एवढं हललेली खोकी आमच्या पार्टीने परत पाठवली असती.

आमच्याकडचे कटिंगवाले काका गुजराती आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. पहिलं 10 चं कार्ड आलं तेव्हा मी ते त्यांच्या टेबलावर ठेवलं. होलोवर ड्रॅगन होता, पण त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भिंग काढलं, डबीवरूनच चारही कोपरे बघितले, डबी उलटी केली, परत सुलटी केली आणि विचारलं, "आ कोणे काप्युं?" म्हणजे हे कुणी कापलं? त्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नसणार. पोकेमॉनच्या कार्डावर खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव बारीक अक्षरात असतं. 1999 च्या इंग्रजी बेस सेटमधलं 4/102 नंबरचं चारिझार्ड मित्सुहिरो अरिता यांचं, हे संग्राहकाला झोपेतसुद्धा सांगता येतं. युका मोरी यांची कार्डं तर मातीच्या बाहुल्या करून, त्यांचे फोटो काढून केलेली. चित्रकारांची नावं आहेत, कापणाऱ्याचं कुठेच नाही. (त्या चारिझार्डची 10 मधली किंमत विचारू नका. प्रेसमधलं मशीन विकायला काढावं लागेल.)

होलो म्हणजे होलोग्राम नव्हे, हेही एकदा सांगून टाकतो. पोकेमॉनच्या कार्डात असते ती नक्षीची चमकणारी फॉइल, आणि छपाई तिच्यावर. जुन्या कार्डांत चमक फक्त चित्राच्या चौकटीत असायची. 2002 च्या लेजेंडरी कलेक्शनमध्ये इंग्रजी सेटांत पहिल्यांदा रिव्हर्स होलो आलं, म्हणजे चित्र साधं आणि बाकी सगळं चमकणारं. कधीकधी चमक चौकटीबाहेर उतरलेली दिसते. तिला होलो ब्लीड म्हणतात. प्रेसच्या हिशेबाने दोष, पण लोक ते कौतुकाने जमवतात. खरा होलोग्राम वेगळाच. इम्पेल कंपनीने 1990 मध्ये 'मार्व्हल युनिव्हर्स'च्या पहिल्या सेटमध्ये 5 होलोग्राम कार्डं टाकली होती, त्यातलं सिल्व्हर सर्फर या पात्राचं माझ्याकडे आहे.

हे कार्ड ट्यूबलाइटखाली धरलं तर निराशाच होते. रुपेरी पत्रा, त्यावर काहीतरी पुसट, फिस्कटलेलं. होलोग्रामला एका बिंदूतून येणारा उजेड लागतो. लांबट ट्यूबमधून येणाऱ्या प्रत्येक किरणाचं चित्र थोडं थोडं सरकून एकमेकांवर चढतं. दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च वरून तिरका धरा. सर्फर एकदम पत्र्यातून बाहेर येतो. मान डावी-उजवीकडे हलवली की त्याच्या मागचं दृश्य त्याच्या आडून सरकतं. मान खाली-वर केली तर मागचं काही सरकत नाही, रंग बदलतात, लालाचा हिरवा होतो. या तंत्राचं मूळ डेनिस गॅबर यांच्या 1947 च्या कामात आहे. त्यासाठी त्यांना 1971 चं नोबेल मिळालं. साध्या पांढऱ्या उजेडात असे रंग बदलत दिसणारा होलोग्राम पुढे स्टीफन बेंटन यांनी काढला. औषधांच्या खोक्यावरचं चमकणारं सील त्याच घराण्यातलं. आम्ही ती सीलं गठ्ठ्याने चिकटवतो आणि तिकडे कुणी वळूनही बघत नाही.

चमकणाऱ्या छापील चित्राची हौस आपल्याकडे नवी आहे असं मात्र कुणी म्हणू नये, निदान बडोद्यात तरी. सयाजीराव महाराजांनी लक्ष्मी विलास पॅलेससाठी राजा रविवर्म्यांकडून 14 पौराणिक चित्रं करून घेतली. त्याआधी इथले दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना चित्रांच्या छापील प्रती काढा असं सुचवलं होतं. 1894 मध्ये मुंबईत त्यांचं प्रेस निघालं, पुढे ते लोणावळ्याजवळ मळवलीला गेलं. जर्मन तंत्रज्ञ, प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा दगड. एक दगड केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर. आणि लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. घरी नेल्यावर त्या चित्रांवर जरीची तार लावली, टिकल्या चिकटवल्या, देवीला खरी साडी नेसवली. आमच्या आजीच्या देवघरात तशीच एक लक्ष्मी होती, निरांजनाच्या उजेडात झगमगायची. ग्रेडिंगला पाठवली असती तर आकडा मिळालाच नसता, लेबलावर 'ऑल्टर्ड', म्हणजे फेरफार केलेलं, असं लिहून परत आली असती. आजीने ते लेबलही चित्राला चिकटवलं असतं.

जपणुकीचं म्हणाल तर बडोद्याचा पावसाळा हा होलो कार्डाचा पक्का वैरी. फॉइल ओल पीत नाही, पुठ्ठा पितो. पुठ्ठा फुगतो, फॉइल आहे तेवढीच राहते, आणि कार्ड फॉइलच्या बाजूला वळतं. एका बाजूने लॅमिनेशन केलेली पुस्तकाची कव्हरं जुलैत अशीच वर उचलतात, ज्याने प्रेस चालवलं त्याला हे नव्याने सांगायला नको. म्हणून मोकळी कार्डं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या आणि हवेतली ओल मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर ठेवून. काटा 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास असावा. फार कोरडं केलं तर कार्ड उलट्या बाजूला वळतं. स्लॅबमध्ये गेलं म्हणजे सुटलो, असंही नाही. स्लॅब वेल्ड केलेला असतो, पण पाणबंद नसतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात घुसली तेव्हा आमच्या अकोट्याच्या घरी सगळ्यात आधी माळ्यावर गेलं ते आईचं औषधांचं खोकं, मग देव, मग स्लॅब. टीव्ही खालीच राहिला. यावर घरात अजून मधूनमधून चर्चा होते.

विकत घेताना मी काय बघतो? लेबलावरचा सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकतो आणि तिथे फोटो असेल तर तो हातातल्या कार्डाशी जुळवतो, कारण खोट्या लेबलावर खरा नंबर छापणं काही अवघड नाही. मग डबीची कड बघतो. उघडून परत चिकटवलेली असेल तर वेल्डच्या रेषेत पांढुरका धूसरपणा दिसतो. मोकळं कार्ड असेल तर टॉर्चवर धरतो. खऱ्या पोकेमॉन कार्डाच्या पोटात एक काळपट थर असतो, त्यामुळे उजेड दबतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या नकली सोनेरी कार्डातून बल्ब स्वच्छ दिसतो. नव्या पूर्णचित्र कार्डांवर बोटाच्या ठशासारख्या बारीक उठावाच्या रेषा असतात, नखाने हलकेच कळतात. नकलीत बहुधा सपाट असतं.

आणि 10 चाच हट्ट? तो आता जरा उतरलाय. 9 आणि 10 मधला किमतीचा फरक पुष्कळदा काही पटींचा असतो, आणि भिंगाखाली बघितलं तर 9 ला मार्जिनचा एक केस कमी पडलेला असतो, बस. असे 9 मी काकांना दाखवून घेतो. ते "चाले" म्हणाले तर घेतो. एकदा त्यांनी 10 वाल्या कार्डाला "ब्लेड बुठ्ठी हती", म्हणजे ब्लेड बोथट होतं, म्हणून नापास केलं. मी ते विकून टाकलं, गिऱ्हाइकाला अर्थातच काकांचं मत सांगितलं नाही. नंबर पीएसएचा, मत आमचं.

बडोद्यात कुणाला बघायची असतील तर रविवारी प्रेस बंद असतं, तेव्हा या. टॉर्च आणि भिंग इथे आहे. स्वतःचं कार्ड आणणार असाल तर प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून आणा, आणि वाटेत सेवउसळ खाऊन आलात तर आधी हात धुवा.