खो-खो पुन्हा, नोंद 14 : पाठीवरचा हात

या रविवारी अकरा जणी आल्या. नऊ पुऱ्या झाल्या की मन भरतं, कारण आठ जणी पाटीवर बसल्या आणि एक धावायला उभी राहिली तरच आक्रमण खरं वाटतं. सहा-सात जणींत नुसता सराव होतो.

आधी आकडे. खांब ते खांब धाव मार्चमध्ये 7.8 सेकंद होती, काल 6.4 लागले. गुडघा दुखला नाही. संरक्षणात माझा सर्वात लांब टिकाव 1 मिनिट 10 सेकंद. तिहेरी साखळी, म्हणजे बसलेल्या तीन-तीन गड्यांना वळसा घालत पळणं, अजून जमत नाही, तिसऱ्या गड्याशी वळताना पाय मागे राहतो. एकेरीत मात्र लय सापडली आहे.

काल मुख्य काम केलं ते खो देण्याचं. नव्यानं आलेल्या तिघी-चौघींना वाटतं, खो म्हणजे ओरडणं. दोन वेळा असं झालं की शब्द आधी आला, हात नंतर लागला, आणि बसलेली तोवर उठून पळाली होती. फाऊल. तेव्हा मी शाळेतला जुना उपाय काढला.

आमच्या बाई सरावाआधी आखणीची फक्की चिमूटभर तळहाताला लावायला सांगायच्या. गणवेश गडद निळा. सराव संपला की सगळ्यांना पाठमोरं उभं करून त्या पाठी तपासायच्या. पाच बोटं पाठीच्या मधोमध उमटली असतील तर खो बरोबर. दंडावर किंवा मानेजवळ पांढरं दिसलं की देणारीला मैदानाला दोन फेऱ्या. फेऱ्या देणारीलाच, घेणारीला कधीच नाही. ते तेव्हा अन्यायाचं वाटायचं. आज शिकवताना कळतं की घेणारीला मागचं दिसतच नसतं. तिनं फक्त विश्वासानं बसायचं असतं, टाचा उचललेल्या, बोटं मातीवर टेकलेली.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या शाळेचा तो संघ 1996 च्या हिवाळ्यात जिल्ह्याला जिंकला. अंतिम सामन्याच्या शेवटच्या आक्रमणात बरोबरीला एक आणि जिंकायला दोन गडी हवे होते, आणि पंचांनी शेवटचं मिनिट पुकारलेलं. पहिली बाद झाली ती चुकून, पाय घसरून आमच्या कर्णधाराच्या हाताखाली आली. दुसरी मात्र अफाट खेळत होती. उंच, दोन वेण्या वर बांधलेली, आमच्यातून सुईसारखी निघायची. तिची झुकांडी खांद्यावरून सुरू व्हायची, पाय शेवटी हलायचे, म्हणून आम्ही सगळ्या फसत होतो.

मी खांबाजवळच्या शेवटच्या चौकात होते. ती माझ्या समोरून खांबाकडे गेली आणि त्याच क्षणी पाठीवर पंजा बसला. खो ऐकल्याचं मला आठवत नाही, पंजा आठवतो. सबंध, गरम, मधोमध. उठले, दोन पावलं टाकली, डावा हात खांबाला घातला आणि अंग झोकून दिलं. उजव्या हाताच्या टोकाला तिच्या झग्याची कड लागली. मग कोपर मातीत घासलं गेलं. शिट्टी ऐकू आली तेव्हा मी जमिनीवरच होते आणि आमच्या बाई पहिल्यांदा धावताना दिसल्या.

खो देणारी आमच्यातली सर्वात अबोल मुलगी होती. तिच्या नावावर त्या सामन्यात एकही गडी नाही. गुणपत्रिकेत असा खो लिहायला जागाच नसते, आणि मला हे अजूनही खटकतं.

2025 च्या जानेवारीत, 13 ते 19 तारखेला, दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा मी रोज टीव्हीसमोर होते. खेळ मॅटवर, आक्रमणाला सात जणी, बाद केलेल्या गड्याचे दोन गुण. आमच्या वेळी एकच असे. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम फेरीत नेपाळला 78–40 असं हरवलं. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हाही अशीच भरून आले होते. पण विश्वचषकात कॅमेरा खाली आला की बसलेल्या मुलींच्या टाचा दिसायच्या. तशाच उचललेल्या. दुसऱ्याच आठवड्यात मी चौघींना फोन केले आणि ही नोंदवही सुरू झाली.

तर काल फक्कीऐवजी टाल्कम पावडर घेतली. अर्धा तास नुसते खो, धावायला कोणी नाही. पहिल्या फेरीत आठातले तीन पंजे जागेवर, शेवटच्या फेरीत सहा. ज्यांच्या पाठीला बरोबर पंजा लागला त्या अर्धं पाऊल आधी उठत होत्या, हे बाजूला उभं राहून साफ दिसतं. तुमच्या गटात करून बघा. कपडे गडद घाला आणि हात कोरडा ठेवा, घामात पावडरीचा लगदा होतो.

पुढच्या रविवारी खांबावर सूर मारण्याचा सराव. आपला खांब जमिनीपासून 118 सेंटीमीटर भरला, नियमानं 120 ते 125 हवा, म्हणून शनिवारी संध्याकाळी खड्ड्यात विटेचा तुकडा घालून तो पुन्हा रोवायचा आहे. एक जुनी गादी मिळाली आहे, दुसरी कोणाकडे असेल तर घेऊन या.