नटाची बाजू

खंडेनवमीला सायकल दुरुस्तीच्या दुकानातली सगळी हत्यारं एका रांगेत दिसतात. एरवी ती ग्रीसच्या डब्याखाली, कुणाच्या तरी कॅरियरवर, स्टुलाच्या पायापाशी, कुठंही असतात. त्या दिवशी डिझेलच्या फडक्यानं पुसून, जुन्या वर्तमानपत्रावर मांडून, हळदकुंकू वाहून वर झेंडूचं एकेक फूल. आणि मगच नजरेत भरतं, की १५ नंबरच्या पान्याचं तोंड फाकलंय, ५ च्या ॲलन कीचं टोक गोल झालंय आणि चाकाच्या तारा आवळायच्या स्पोक कीची खाच तर केव्हाचीच झिजलीय. पूजा सगळ्यांची सारखीच होते. पण त्यांतल्या काहींनी वर्षभर गिऱ्हाइकांच्या सायकली थोड्या थोड्या खराब केलेल्या असतात.

हत्यार चांगलं कशाला म्हणायचं? बहुतेक जण टिकण्यावर जातात. वीस वर्षं झाली, मोडला नाही, असं कौतुकानं सांगतात. पण वाईट पाना सहसा मोडतच नाही, तो नट खातो. मोडला असता तर बरं, फेकून तरी दिला असता. पान्याचे पैसे दुकानदार देतो, कोपरे गेलेल्या नटाचे गिऱ्हाईक देतं, म्हणून दुकानदाराला वाईट पाना स्वस्त वाटतो. हत्यार निवडायचं ते नटाच्या बाजूनं. पुण्यात रंगमंचावरच्या नटाची बाजू घेणारे चिकार भेटतील. हा सहा बाजूंचा नट मात्र बिचारा एकटा पडतो.

त्याची तक्रार अगदी साधी आहे. पाना मापात असेल तर जोर नटाच्या सपाट बाजूवर येतो. ढिला असेल तर पाना आधी थोडा फिरतो, मग अडकतो, आणि अडकतो तो नेमका कोपऱ्यावर. कोपऱ्यावर धातू थोडाच असतो. दोन-तीन वेळा असा जोर पडला की तो चेपतो आणि नट गोल होतो. उघड्या तोंडाचा पाना समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो, शिवाय जोर लावला की तोंड फाकायला बघतं. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी घेतो. त्यातही बारा कोनांची रिंग अडचणीच्या जागी पटकन बसते. पण गंजलेल्या नटाला सहा कोनांचीच लावावी, ती कोपरे सोडून बाजूंवर दाबते. स्क्रू पाना, म्हणजे जबडा मागेपुढे होणारा, दुकानात असावा. हातात मात्र दिवसातून एकदाच यावा.

पुण्यातल्या दुकानाची आणखी एक अडचण असते. सकाळी दूधवाल्याची काळी सायकल येते आणि तिच्या मागोमाग बाणेरहून कोणाची तरी २० गिअरची. जुन्या सायकलीवर इंचाच्या मापाचा नट निघाला, समजा ९/१६ इंचाचा, तर तो १४.२९ मिलिमीटर भरतो. १४ चा पाना त्यावर चढत नाही, १५ चा डगडगतो. सगळे १५ चाच लावतात आणि तो नट पुढच्या खेपेला पक्कड मागतो. अशा दुकानात इंचाच्या मापाचे चार-पाच पाने वेगळे ठेवलेले परवडतात. दोन्ही टोकांना गोळे आणि गोळ्यांत भोकंच भोकं असलेला सायकलचा पाना सगळ्याला चालतो असं म्हणतात. चालतो, पण रस्त्यावर, रात्री, नाइलाज असेल तेव्हा.

नव्या सायकलींवर नटापेक्षा ॲलन बोल्टच जास्त, डोक्यात सहा कोनांचं भोक असलेले. त्या भोकात घालून फिरवायची ती ॲलन की. दुकानात तिचं नाव ‘एलएन की’. बरीचशी कामं ४, ५ आणि ६ मध्येच होतात, तेव्हा बाराचा स्वस्त संच घेण्यापेक्षा या तीन कडक पोलादाच्या घ्याव्यात आणि बाकीच्या कशाही. मऊ कीचं टोक झिजतं आणि मग ती बोल्टचं भोकही झिजवते. दोघं एकमेकांना गोल करत जातात. टोक गोल झालंच तर तेवढं तीन-चार मिलिमीटर ग्राइंडरवर कापून काढावं, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवून, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं. गोळीच्या टोकाची की तिरकी धरून फिरवता येते म्हणून सगळ्यांना आवडते. तिनं बोल्ट भरभर आत-बाहेर करावा, पहिला झटका मात्र कधीही देऊ नये. गोळीची मान बारीक असते. ती तुटून बोल्टमध्ये अडकली की ड्रिल काढावं लागतं.

जोर किती लावायचा हे हाताला कळतं, हा आपल्याकडचा लाडका समज. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमच्या बोल्टला साधारण ५ न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे १० सेंटिमीटरच्या कीवर अंदाजे ५ किलोचा दाब. चौकोनी एक्सलच्या क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, बोल्टला ४० च्या आसपास, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या दांडीवर १६ किलो. दिवसभर क्रँक आणि पेडल आवळलेला हात संध्याकाळी स्टेमला हळू लागेल याची खात्री कोण देणार? कार्बनचं हँडल चिरतं तेव्हा फारसा आवाजही होत नाही. ठरवलेला जोर आला की टक्‌ असा आवाज करणारा लहान टॉर्क पाना म्हणूनच घ्यावा. काम झालं की त्याचा आकडा सगळ्यांत खाली आणून ठेवावा, म्हणजे स्प्रिंग दमत नाही. आवळलेला बोल्ट सोडवायला तो वापरणाऱ्याला दुकानात चहा देऊ नये.

आता स्पोक की. काळ्या सायकलीला पुढं ३२ आणि मागं ४० तारा, म्हणजे एका सायकलीत तारांच्या टोकांवरचे ७२ बारीक नट, त्यांना निपल म्हणतात, आणि सगळे या चावीवर अवलंबून. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढताना हत्यार आणि हात यांत काहीच लपत नाही. निपलची मापं डोळ्याला सारखी दिसतात: ३.२३, ३.३०, ३.४५ मिलिमीटर. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्यात पाव मिलिमीटरही फरक नाही, पण तेवढ्यानं पितळी निपलचे कोपरे जातात. पार्क टूल या अमेरिकन कंपनीनं या तिन्हींना काळा, हिरवा आणि लाल असे रंग दिले आहेत, ते याचसाठी. गोल चकतीला आठ खाचा असलेली की स्वस्त मिळते. तिच्यात घाईघाईत शेजारची खाच हमखास लागते. एकेका मापाच्या वेगळ्या चाव्या घ्याव्यात.

आणि चावी चांगली असली म्हणजे झालं असंही नाही. निपल रिमला टेकतो तिथं आणि तार निपलमध्ये शिरते तिथं आधी तेलाचा एकेक थेंब सोडायचा, पाच मिनिटं थांबायचं. कोरडा निपल फिरवला तर तारच पिळली जाते. आउट निघाल्यासारखा वाटतो, गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत जातं, तारा सुटून सरळ होतात आणि चाक पुन्हा पहिल्यासारखं नाचतं. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवायचं नाही. चाक उजवीकडं आलं असेल तर तिथल्या डाव्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळायच्या, उजव्या तेवढ्याच सैल करायच्या. नुसत्या आवळतच गेलं की आउट निघतो आणि चाक अंडाकृती होतं.

माणसाच्या डोक्याचे आटे ढिले झाले तर घरचे सांभाळून घेतात. क्रँकचे आटे गेले तर क्रँकच बदलावा लागतो. क्रँक उपसून काढायच्या पुलरचा आटा २२ मिलिमीटरचा, बारीक, आणि समोर मऊ ॲल्युमिनियम. बोल्टबरोबर वॉशरही निघालाय का, हे बोट घालून बघायचं. मग पुलर हातानं, पाना न लावता, शेवटपर्यंत आत घालायचा. दोन-तीन आट्यांवर अडकवून दांडी फिरवली की आटे शेवयांसारखे बाहेर येतात. जुन्या, कॉटर पिन पाचरीसारखी ठोकून बसवलेल्या क्रँकची तऱ्हा वेगळी. तिथं पुलर नाही, हातोडी. पण क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवायचा, नट पिनच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करायचा आणि नटासकट ठोकायचं. नट काढून ठोकलं तर पिनचे आटे चेपतात. खाली आधार नसेल तर घाव थेट बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. मग पेडल मारताना कट्‌-कट्‌, आणि गिऱ्हाईक चेनला शिव्या देतं.

कोन पाना, म्हणजे चाकाच्या मधल्या हबमधला शंकूसारखा नट धरणारा, दोन मिलिमीटर जाडीचा, नाजूक. १३ चा पुढच्या हबला, १५ चा मागच्या. पेडलही १५ चंच असल्यामुळे हा पाना पेडलला लागतो आणि त्याच दिवशी संपतो. पेडलला लांब दांडीचा जाड पाना हवा, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात एवढं भिंतीवर लिहून ठेवायला हवं. केबल कापायला पक्कड नको. पक्कड तार चावते, धागे सुटतात, मग केबल आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, जात नाही. गिअरच्या स्क्रूला साधा स्टार स्क्रू ड्रायव्हर घसरतो, कारण बहुतेक स्क्रू जपानी खाचेचे असतात. डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर समजावं.

पैसे कुठं वाचवायचे? हातोडी, कानस, टायर काढायच्या पट्ट्या, सायकल टांगायचे दोन हुक आणि दोरी, यांत ब्रँडच्या नावासाठी पैसे घालू नयेत. चेनची झीज मोजायला वेगळं मापक नसलं तरी स्टीलची फूटपट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यापासून, ती सोडून, पुढच्या २४ पिना मोजल्या की नव्या चेनला बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरले तर चेन बदलायची; १/८ भरले तर मागची चक्रंही गेली. फूटपट्टी स्वस्त, आणि एवढी बारकी रेघ वाचायला लागणारा चष्मा महाग.

पाने, पकडी नाशिकच्या टपारियाच्या घेतल्या तरी रोजच्या कामाला पुरतात. पुण्यात बोहरी आळीत मिळतात. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात कधी जुना, जाड, घडीव पाना निघतो, भंगाराच्या भावात. दोन्हीकडं जाताना खिशात एक कोरा १५ चा नट ठेवावा. ब्रँड, चकाकी, ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरं राहू द्या. नट पान्याच्या तोंडात घालायचा, उजेडाकडं धरायचा, पाना हलकेच डावी-उजवीकडं डोलवायचा. नट मुकाट सोबत हलला तर भाव विचारायचा. फट दिसली आणि पाना आधी, नट नंतर हलला, तर नट पुसून परत खिशात, आणि पुढच्या टोपलीकडं.