गणपतीतली तीन गाणी

मे महिन्यात गच्चीवर ठरलं, की यंदा सोसायटीच्या गणपतीत आपण रॉक वाजवायचा. तीन गाणी, फार नाही. आम्ही चौघं. शेजारचा मित्र कॉलेजपासून गिटार वाजवतो, म्हणजे प्रत्येक गाण्याची फक्त सुरुवात वाजवतो. त्याची बायको, आमच्या वहिनी, शास्त्रीय गायनाच्या, गांधर्वच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिलेल्या. ड्रमवर बी विंगमधला पोरगा. पथकात चार वर्षं ताशा वाजवलेला, पण ड्रमसेटला हात लागून तीनच महिने झालेले. आणि मी, चाळिशीत बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, शिकणारा. बास मी निवडली नव्हती, सगळं वाटून झाल्यावर ती उरली होती.

पहिली यादी आवडीची झाली आणि तिथेच फसलो. ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आणि गन्स अँड रोझेसचं ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’. कोथरूडमध्ये एका तळघरात तासावर जॅमरूम, म्हणजे सरावाची खोली, मिळते, तिथे आमचे दोन रविवार गेले. पहिल्या गाण्यात कडव्याच्या एका फेरीत आठ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचे आठ गट. त्यातल्या एफ शार्पला मित्राचं सगळ्या तारा दाबणारं आडवं बोट येईपर्यंत गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं.

दुसऱ्याची तर वेगळीच गंमत. ट्यूनरवर सगळ्या तारा हिरव्या, म्हणजे सुरात, पण फोनवर मूळ गाणं लावून सोबत वाजवलं, की भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. मित्राने दोनदा गिटार लावली, मी दोनदा बास लावली, नंतर एकमेकांच्या कानांबद्दल बोलून झालं. शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून वहिनी म्हणाल्या, “अहो, गाणंच अर्ध्या सुराने खाली आहे.” खरंच होतं ते. त्या बँडने 1987 च्या त्या रेकॉर्डिंगला सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावलेल्या आहेत. तासाचे पैसे भरून आम्ही बाहेर आलो आणि चहाच्या टपरीवर यादी फाडली.

टपरीवरच वहिनींनी एक प्रश्न विचारला. “तुमच्या गाण्यात सम कुठे येते? मी चुकले तर परत कुठे शिरू?” सम म्हणजे फेरीचा पहिला ठोका. आम्ही तोवर कॉर्ड मोजत होतो, कमी कॉर्ड म्हणजे सोपं गाणं. पण आमचं खरं दुखणं हे होतं, की एकजण घसरला की चौघंही थांबायचे आणि गाणं पहिल्यापासून सुरू व्हायचं. मग गाणी त्याच हिशेबाने ऐकायला लागलो: आवर्तन, म्हणजे ती फेरी, छोटं आहे का, आणि ते फिरून येतंय हे कानाला कळतं का.

त्यात व्हाइट स्ट्राइप्सचं 2003 चं ‘सेव्हन नेशन आर्मी’ लगेच बसलं. सात सुरांचा एक तुकडा आणि जवळजवळ सगळं गाणं त्याच्यावर. बासच्या ए तारेवर सातवा पडदा दोनदा, मग दहावा, परत सातवा, पाचवा, तिसरा, दुसरा. एकाच तारेवर, एका बोटानेसुद्धा जमतं. मला वाटलं, चला, एक तरी गाणं बासवाल्याचं आहे. नंतर कळलं, की त्या बँडमध्ये बास वाजवणारा कुणी नव्हताच. दोघांचाच बँड, आणि तो आवाज गिटारचाच, पेडल लावून एक सप्तक खाली आणलेला. असो. पोरगा मात्र खूश झाला. सुरुवातीला प्रत्येक मात्रेवर नुसता जड ठोका. “काका, हा तर ढोल आहे!” (मला दादा म्हणवून घ्यायचा प्रयत्न मी जूनमध्ये सोडला.)

दुसरं, बॉब डिलनचं ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोअर’. कॉर्ड एवढ्याच: जी, डी, ए मायनर, मग जी, डी, सी. मुखडाही तोच, अंतराही तोच. कागदावर याहून सोपं काही नाही. पण वहिनींचा आवाज पार खर्जात जायला लागला. “माझी पट्टी काळी पाच,” त्या म्हणाल्या. मित्राला काळी-पांढरी कळेना, वहिनींना जी-डी कळेना, घरात दोन दिवस यावर चर्चा चालली असावी. मग पेटी काढली. काळी पाच म्हणजे ए शार्प, जीपासून तीन पडदे वर. मित्राने तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला आणि बोटं जिथल्या तिथे ठेवली. माझ्याकडे कॅपो नाही, पण माझ्या हातातही मोकळी तार नव्हती. जी तिसऱ्या पडद्यावर धरत होतो तो सहाव्यावर धरला, बाकी आकार तसाच सरकवला. वहिनी पहिल्याच ओळीला मोकळ्या झाल्या.

मात्र संथ गाणं सोपं असतं हा माझा समज याच गाण्याने काढला. दोन ठोक्यांमध्ये एवढी रिकामी जागा असते, की नवशिक्याला ती बघवत नाही. पोराचे हात शिवशिवायचे आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत वरात निघालेली असायची. ताशात लय चढवली की गर्दी पेटते, चार वर्षं तेच केलेलं. त्याला हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या जोडझांजेवर, एका मात्रेत दोन ठोके द्यायला लावले, तेव्हा कुठे जागा भरली आणि हात शांत झाला.

तिसरं मराठी हवं, ही समितीची अट. जयवंत कुलकर्णींचं ‘ही चाल तुरुतुरु’ घेतलं. कॉर्ड आमच्या आम्ही शोधल्या, चुकीच्या असतील. पण हे गाणं सगळ्यांना पाठ, आम्ही हरवलो तरी समोरचे पुढे नेतील एवढा भरवसा होता.

प्रत्येक सरावाचं फोनवर रेकॉर्डिंग करून दुसऱ्या दिवशी ऐकायचं, हा नियम मीच केला आणि सगळ्यात जास्त लाज मलाच वाटली.

कार्यक्रम नऊला होता. बक्षीस समारंभ लांबला, दहाला स्पीकर बंद, म्हणून हातात पंधरा मिनिटं. ‘सेव्हन नेशन’मध्ये माझा पट्टा सुटला, बास गुडघ्यावर आली. मी थांबलो, पट्टा अडकवला, तुकडा फिरून येईपर्यंत वाट पाहिली आणि सातव्या पडद्यावर परत शिरलो. बाकी तिघं थांबले नाहीत. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, “अजून जुळवतायत का?” पण ‘तुरुतुरु’ला तेच टाळ्या वाजवत होते.

रात्री मंडपात रेकॉर्डिंग ऐकलं. ‘सेव्हन नेशन’ मिनिटाला 124 ठोक्यांवर सुरू झालेलं आणि 137 वर संपलेलं. आम्ही तिघांनी पोराकडे पाहिलं.

“गर्दी होती ना, काका,” तो म्हणाला.