ताटातला भाव: आखाड ते कार्तिक, वहीतल्या नोंदी

उन्हाळ्यात मी चिकन-मटणाच्या हिशेबाची वही घातली तेव्हा तीनच रकाने आखले होते: तारीख, माल, भाव. आता सात आहेत. पाच महिन्यांत एवढं मात्र कळलं की पाटीवरचा भाव आणि ताटातला भाव यांत बरंच अंतर असतं. ज्यांना माझ्यासारखाच या हिशेबाचा नाद आहे, त्यांच्यासाठी आखाडापासूनच्या नोंदी देतो.

आधी माझी परिस्थिती सांगतो, म्हणजे आकडे जुळवून पाहता येतील. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, जाम चौरस्त्यापासून आत. गावात चिकनचं एक दुकान, बाजाराच्या दिवशी मटणाची दोन. नागपूर सत्तर किलोमीटर. मुलगी तिथे होस्टेलवर राहते, म्हणून दर दुसऱ्या शनिवारी मोटारसायकलनं जाणं असतंच. तिच्याच आग्रहावरून वर्धा रोडवरच्या एका सुपरमार्केटची मेंबरशिप घेतली. कार्ड पाकिटात पडून आहे, काउंटरवर मोबाईल नंबर सांगितला की काम होतं. शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉईंट, एका पॉईंटचा एक रुपया. म्हणजे एक टक्का. खरी मजा पॉईंटमध्ये नाहीच, ती मेंबरांच्या वेगळ्या दरात आहे. फ्रीजरच्या काचेवर लाल अक्षरात लिहिलेला तो दर शनिवार-रविवारी बदलतो.

ताटातला भाव मी असा काढतो. गोठवलेलं पाकीट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, सकाळी चाळणीत ओतून अर्धा तास निथळू द्यायचं, मग काट्यावर ठेवायचं. दिलेले पैसे भागिले ते वजन. दुकानातून ताजं आणलं तर धुऊन, निथळून, तसंच. हाडं मी वजा करत नाही, कारण रस्सा हाडाचाच असतो. काहीजण हाडंही वजा करतात. मला ते पटत नाही, पण बोनलेसशी तुलना करताना त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे कबूल करतो.

आखाडात गावच्या दुकानी गर्दी असते. जिवतीपर्यंत, म्हणजे आखाडी अमावास्येपर्यंत, खाऊन घ्यायचं, मग महिनाभर बंद. त्या आठवड्यात कटिंगचा, म्हणजे कापून साफ केलेल्या चिकनचा, भाव किलोला २२० होता आणि जिंद्याचा, म्हणजे जिवंत पक्ष्याचा, १३०. बहुतेक लोक सरळ कटिंग मागतात. मी २ किलो १०० ग्रॅमचा पक्षी समोर तोलून घेतला, २७३ रुपये दिले. सालं काढून, साफ करून हातात आलं १ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे किलोला १९५. ब्रॉयलर सालासकट सोडलं तर सत्तर टक्क्यांच्या वर उतरतो, साल काढलं की त्याच्या थोडा खाली, हे मी आता सहा-सात पक्ष्यांवर ताडून पाहिलं आहे. दुकानदारानंच एकदा सांगितलं, ‘‘भाऊ, दोन किलोच्या वरचा घेत जा. लहान्यात हाड जास्त निंगते.’’ तेव्हापासून दोनच्या खालचा पक्षी मी घेत नाही.

त्याच शनिवारी सुपरमार्केटात एक किलोचं गोठवलेलं करी कट (हाडांसकटचे तुकडे) होतं. एमआरपी ३२०, मेंबरांना २० टक्के सूट, म्हणजे २५६. मोठ्या उत्साहानं आणलं. निथळल्यावर ९४० ग्रॅम भरलं. ताटातला भाव २७२. गावच्या जिंद्यापेक्षा किलोमागे ७७ रुपये जास्त! सूट नेहमी एमआरपीवर मोजतात आणि एमआरपी म्हणजे सगळे कर धरून छापलेली कमाल किंमत. त्याच्या खाली विकायला दुकानाला मोकळीक असतेच. त्यामुळे ‘२० टक्के’ वाचून काहीच कळत नाही. मी आता टक्के वाचतच नाही. पाकिटावर प्रति ग्रॅम दर छापलेला असतो (एक किलोच्या वर असेल तर प्रति किलो), तो पाहतो, हजारानं गुणतो, आणि गावच्या भावाशेजारी ठेवतो.

हेही लक्षात ठेवा की ताज्या मांसावर जीएसटी नाही. लेबल लावून पाकीटबंद केलेल्या गोठवलेल्या मांसावर ५ टक्के आहे आणि तो किमतीत आधीच बसलेला असतो. करी कटसाठी सुपरमार्केट गावाशी स्पर्धा करूच शकत नाही, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं. आजही ते वाक्य खोडावं लागलेलं नाही.

बोनलेसचं गणित मात्र उलटं निघालं. आमच्या गावात बोनलेस सांगून ठेवावं लागतं आणि त्याचे ३६० घेतात, कारण उरलेल्या हाडांचं त्यानं काय करायचं? सुपरमार्केटात ९०० ग्रॅमचं पाकीट, एमआरपी ३६०, एका शनिवारी २५ टक्के सूट. २७० दिले, निथळून ८५० ग्रॅम. किलोला ३१८ पडलं. बेचाळीस रुपयांची बचत आणि तुकडेही एकसारखे. आतापर्यंत कार्डावर हाच एक सौदा मी डोळे मिटून घेतो.

श्रावण. आई श्रावण पाळते, तिच्यासोबत आम्ही सगळेच. याच महिन्यात भाव पडतात. जिंदा १३० वरून १०५ वर आला, अंड्याचा तीसचा ट्रे १६५ ला. पहिल्यांदा वाटलं, आणून फ्रीजरमध्ये नुसतं ठेवून द्यावं, खायचं पोळ्यानंतर. पण त्याच फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध असतं. आईला विचारलं. ती म्हणाली, ‘‘बाप्पू, महिनाभर तं थांब. सस्त्याच्या मागं लागून घर बाटवू नोको.’’ विषय संपला. मी त्या महिन्यात फक्त दुकानासमोरून जाताना पाटी वाचली आणि वहीत आकडा लिहिला. त्या चार आकड्यांचा उपयोग पुढल्या वर्षी आहे, कारण भाव कुठवर उतरतो हे आता माहीत आहे. श्रावण न पाळणाऱ्यांनी त्या चार आठवड्यांत फ्रीजर भरून घ्यावा. वर्षभरातली कुठलीही कार्डाची ऑफर त्या भावाला पोचणार नाही.

मटण मात्र श्रावणातही उतरत नाही. गिऱ्हाईक कमी, तसे बोकडही कमीच कापले जातात. पाटीवर ७२० तेच राहिले.

मग पोळा, आणि दुसऱ्या दिवशीची कर. नागपुरात त्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आमच्याकडे घराघरात मटण शिजतं. बाजारात भाव एका रात्रीत ८०० झाला आणि दहा वाजता माल संपला. आम्ही बारा जणांनी आधीच हिस्से ठरवले होते. बोकड शेजारच्या गावच्या शेतकऱ्याकडून आठ दिवस आधी पाहून ठेवला. बेरारी जातीचा, तांबूस, बावीस किलोचा. वऱ्हाड-नागपूरकडची ही जात आहे, उन्हाला टिकणारी, आणि मांस चिवट होत नाही. बोकडाचे ७,९००, कापणाऱ्याचे ५००, मिळून ८,४००. प्रत्येकी ७००. कलेजीसकट मांस १० किलो ८०० ग्रॅम निघालं, म्हणजे जिवंत वजनाच्या निम्म्याला थोडं कमी. हिस्स्याला ९०० ग्रॅम. किलोला ७७८ रुपये.

बाजारापेक्षा फक्त बावीस रुपये कमी, हे खरं. पण या हिस्स्यात रान, सीना, चाप, गर्दन सगळं सारखं वाटलं जातं. दुकानात गर्दीच्या दिवशी जे हातात येईल ते घ्यावं लागतं. वाटे पळसाच्या पानांवर मांडले, लहान मुलाला पाठमोरं उभं करून ‘हा कोणाचा?’ विचारत नावं घेतली. कुणाचीही तक्रार नाही. ज्यानं वर्षभरात दोनदा ऐनवेळी हिस्सा सोडला त्याला यंदा घेतलं नाही, आणि त्यानंही ते समजून घेतलं. बायकोनं खसखस, सुकं खोबरं, दगडफूल भाजून पाट्यावर वाटलं, चुलीवर दोन तास. त्या रश्श्याचा ताटातला भाव मी काढला नाही.

आता माझी चूक. भाद्रपदात मोबाईलवर मेसेज आला की बोनलेसवर मेंबरांना पुन्हा तोच दर, फक्त रविवारपर्यंत. मुलीला भेटायची पाळी नव्हती. मी तरीही निघालो. चार पाकिटं आणली, ताटात ३ किलो ४०० ग्रॅम, गावच्या भावाशी तुलना करता बचत सुमारे १४३ रुपये. येणं-जाणं १४० किलोमीटर, गाडी लिटरला पंचावन्न देते, अडीच लिटर पेट्रोल, २६५ रुपये. सव्वाशेचा घाटा आणि रविवार गेला तो वेगळाच. म्हणून आता सातवा रकाना ‘कशासाठी गेलो’ असा आहे. मुलीसाठी गेलो तर पेट्रोल हिशेबात नाही, फक्त मालासाठी गेलो तर पूर्ण पेट्रोल मालावर. हा नियम लावल्यापासून मेसेज आला तरी मी जागचा हलत नाही.

त्याच फेरीत पाकीट निवडायचंही शिकलो. चारपैकी एकात आत बर्फाचे मोठे खडे होते आणि तुकडे एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला होता. असं दिसलं की माल मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे असं समजावं. निथळल्यावर तेच पाकीट सर्वांत हलकं भरलं. गोठवलेला माल उणे अठरा अंशांवर किंवा त्याखाली राहायला हवा. मी आता फ्रीजरवरचा आकडा पाहतो, वरच्या थरातलं पाकीट सोडून खालचं उचलतो, दाबून पाहतो की तुकडे सुटे वाजतात का, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आणि तारीख वाचतो, आणि शेवटी किंमत. माल सगळ्यात शेवटी टोपलीत, तिथून थेट थर्माकोलच्या डब्यात. डब्यात घरून गोठवून नेलेल्या पाण्याच्या चार बाटल्या. जामपर्यंत दीड तासात पाकिटं दगडासारखी राहतात. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना हे जमेल का, ते अजून पाहायचं आहे.

घरी पोचल्यावर दुसरी काळजी लाईटची. आमच्याकडे पावसाळ्यात लाईन कधी चार तास जाते, कधी रात्रभर. भरलेला फ्रीजर दार न उघडता जवळपास दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला एकच दिवस. म्हणून मोकळी जागा मी पाण्याच्या बाटल्यांनी भरतो. शिवाय एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर रुपयाचं नाणं ठेवलं आहे. आपण गावाला गेलो असताना लाईट जाऊन आली तर कळत नाही. नाणं वाटीच्या तळाशी दिसलं की समजायचं, सगळं वितळलं होतं, माल फेकायचा. अश्विनात एकदा ते अर्ध्यावर रुतलेलं सापडलं. पाकिटं वरून मऊ, आत कडक, बर्फ अजून होता. त्याच संध्याकाळी सगळं शिजवलं, शेजारच्या दोन घरांत दिलं.

एक चांगली बातमीही नोंदवली आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, सॉसेज-सलामीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मुलीला सॉसेज आवडतात. जुन्या दराचं २५० चं पाकीट साधारण २३४ ला पडायला हवं, असा हिशेब मी वहीत करून ठेवला होता. दसऱ्यानंतर गेलो, पाकिटावर जुनीच किंमत, बिलात २३४. फार बरं वाटलं.

माशांबद्दल थोडक्यात. रोहू-कतला सुपरमार्केटातून घेऊ नये, आपल्याकडच्या तलावांचे ताजे मिळतात. गोठवलेले झिंगे एकदा घेतले: ५०० ग्रॅम, ३४० वर ३० टक्के सूट, २३८. बर्फ उतरल्यावर ४१० ग्रॅम, म्हणजे किलोला ५८०. चव ठीक. बहीण अर्जुनी मोरगावकडे दिली आहे, ती दिवाळीला इटियाडोह धरणाचे झिंगे घेऊन आली. त्यानंतर गोठवलेल्या झिंग्यांच्या रकान्यावर मी रेघ मारली.

२०२५ च्या कार्तिकातली स्थिती: जिंदा १३८, कटिंग २३०, अंड्याचा ट्रे २१०. थंडी सुरू झाली की अंडी चढतातच, एनईसीसीचा (अंडी उत्पादकांच्या समन्वय समितीचा) नागपूरचा रोजचा भाव मी सकाळी पाहतो आणि गावात तो दोन दिवसांनी पोचतो. चढ दिसला की त्याच संध्याकाळी ट्रे आणून ठेवतो. फ्रीजरमध्ये बोनलेसची दोन पाकिटं, पाण्याच्या सहा बाटल्या, वाटीतलं नाणं वरच.

कार्डावर पाच महिन्यांत किराण्यासकट ९,४०० ची खरेदी झाली, पॉईंट ९४. ते डिसेंबरअखेर संपतात. बायको म्हणते, ‘‘अहो, त्याचे सुके बोंबील आणजा, थंडीत भाकरीसंग.’’ येत्या शनिवारी मुलीचा पेपर संपतो. जाईन तेव्हा आधी बाजारातल्या सुकटवालीचा भाव लिहून नेतो, मग काउंटरवर नंबर सांगतो.