आमची वाटचाल: घाटाच्या पायथ्याचं गॅरेज

खोपोलीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला वडिलांनी गॅरेज टाकलं ते बोरघाटाच्या भरवशावर. चढाला ट्रक गरम व्हायचे. कोणी शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून बसायचं, कोणी मागे फिरून आमच्याकडे यायचं. होस पाइप, फॅन बेल्ट, वॉटर पंप यांवर घर चाललं. २००२ मध्ये एक्सप्रेस वे पूर्ण सुरू झाला आणि दारातली वर्दळ ओसरली.

गिऱ्हाईक घटलं, तरी नजर बसलेली होती. ओळखीपाळखीचे लोक जुनी गाडी घेण्याआधी "जरा बघून द्या" म्हणायचे. पुढे तोच धंदा झाला. आज रिपेअरिंगपेक्षा तपासणीचीच कामं जास्त येतात.

एक अट आम्ही सोडत नाही: आम्ही पोचेपर्यंत गाडी चालू करायची नाही. बॉनेट कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशीची वेळ. गरम रेडिएटरचं झाकण उघडताच येत नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, झाकण सैल केलं की तोंडावर उसळतं. थंड इंजिनात सगळं निवांत बघता येतं. रेडिएटरच्या टाकीच्या जोडावर, होसच्या क्लिपखाली पांढरट-हिरवट खार दिसला, की तिथून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, झिरपून वाळलंय. कूलंटच्या बाटलीत तांबूस पाणी असेल तर आत गंज धरलाय. बहुधा मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं असतं. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चहासारखा साका असला तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारं सील, गेल्याचा संशय. पण पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तसा पातळ थर येतो. म्हणून ऑइलची डिपस्टिक आणि कूलंट दोन्ही बघितल्याशिवाय आम्ही तोंड उघडत नाही.

खरी चीड येते ती थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, काढून टाकण्याची. गाडी गरम होते ना, मग काढा तो वॉल्व्ह! तापमानाचा काटा खाली राहतो, मूळ दुखणं तसंच. हे नुसतं बघून कळत नाही, हात लावावा लागतो: इंजिन चालू केल्यावर वरचा होस आधी गार राहून मग एकदम तापायला हवा. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल्व्ह गायब किंवा उघडाच अडकलेला.

इंजिन धुऊन चकाचक केलेल्या गाडीत गळतीच्या खुणा पुसलेल्या असतात, म्हणून अशी गाडी आली की ती लांबवर चालवून आणतो, थंड होऊ देतो आणि पुन्हा बघतो. यात अर्धा दिवस जातो, एजंट वैतागतात. वैतागू देत. विकणाऱ्याकडून आम्ही पैसे घेत नाही आणि घेणाऱ्याला गाडी पसंत पडो न पडो, तपासणीचा दर तोच.