तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एकदा पॉलिश का करून घेत नाही?’

माझ्या मनगटाकडे पाहून जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. एवढं नावाजलेलं घड्याळ, आणि केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर ओरखडे, तबकडीवरचे ठिपके पिवळट. थोडा खर्च केला तर नव्यासारखं होईल की! होईल. माझं एक झालंयही.

सत्तरच्या दशकातला तो क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, मागे पडायला लागला म्हणून दुरुस्तीला दिला. तेल-सफाई करा, एवढंच सांगितलं. काय करायचं नाही, ते सांगायला हवं हे तेव्हा ठाऊकच नव्हतं. परत आला तो आरशासारखा लखलखीत. आधी खूश झालो, मग भिंग लावलं. पट्टा अडकवायचे चार पाय, ज्यांना लग म्हणतात, ते अंगाला लावून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते. काटे नवेकोरे, हिरवट पांढरे. तबकडीवरचे ठिपके मात्र जुन्या मेणाच्या रंगाचे. जुने काटे मागितले, तर ते टाकून दिलेले.

पॉलिश म्हणजे चकाकी चढवणं वाटतं. प्रत्यक्षात ते धातू उतरवणं असतं. आणि या घड्याळांचं सगळं सौंदर्य कडांमध्ये आहे. ओदमार पिगे या स्विस कंपनीचं रॉयल ओक घ्या. १९७२ साली आलेलं हे स्टीलचं घड्याळ सोन्याच्या कित्येक घड्याळांपेक्षा महाग होतं. का? सोनं नव्हतं, पण मेहनत होती. डिझायनर जेराल्ड जेंटाने काढलेली ती अष्टकोनी बेझल, म्हणजे काचेभोवतीची कड, वरून बारीक रेघांची, मॅट. उतरत्या कडेवर मात्र आरसा. या दोन्हींच्या मधली रेघ सुरीने ओढल्यासारखी हवी. फिरत्या कापडी चाकाखाली निष्काळजीपणे धरलं की ती रेघ विरघळते, आणि उरतं ते नुसतं आठ स्क्रूंचं स्टील. नुसता ओरखडा बरा, निदान त्याच्या आजूबाजूचा धातू तरी शाबूत असतो.

आता पिवळट ठिपके. अंधारात चमकणाऱ्या कशालाही आपण सरसकट रेडियम म्हणतो; साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घड्याळांत खरोखरच रेडियम असे. मग ट्रिटियम आलं आणि नव्वदच्या दशकापर्यंत टिकलं. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’च्या आसपास बारीक ‘टी’ दिसतो, तो त्याचाच. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. पन्नास वर्षांत चार वेळा निम्मं, म्हणजे उरलं सोळाव्या भागाइतकं. त्यामुळे १९७५ चं घड्याळ कुणी अंधारात झगमगताना दाखवलं, की मी हात मागे घेतो. कुणीतरी नवा लेप भरलाय. (रेडियमची तऱ्हा उलटी: चमक कधीच विझलेली, किरणोत्सर्ग मात्र तसाच. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. अशा घड्याळाची काच मी स्वतः कधीच उघडत नाही.)

हा निव्वळ हळवेपणा नाही, यात व्यवहारही आहे. रोलेक्स डेटोनाची एक रंगीबेरंगी तबकडी एके काळी दुकानांत पडून राहायची. पुढे तिला हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनचं नाव चिकटलं आणि २०१७ साली खुद्द न्यूमनचं घड्याळ न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. एका तबकडीने घड्याळाची किंमत अशी बदलते म्हटल्यावर तबकडी बदलणारेही निपजणारच. म्हणून विकणारा ‘मस्त नवं करून दिलंय’ म्हणाला, की मी पुढचं ऐकतच नाही. सगळे भाग एकत्र म्हातारे झालेत का, एवढंच पाहतो.

आतल्या यंत्राचं मात्र वेगळं. तिथे तेल वाळलं तर धातू धातूला खातो, त्यामुळे सफाईत मी कधीच हयगय करत नाही. झिजलेलं चाक खुशाल बदलावं. आता घड्याळासोबत लिहून देतो: पॉलिश नको, काटे-तबकडीला हात नको, काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत.

त्या पहिल्या क्रोनोग्राफसाठी जुने काटे अजून शोधतोय. मध्यंतरी एक जोडी मिळाली, रंग अगदी तोच. बसवून पाहिले, तर मिनिटकाटा रेघेपर्यंत पोचेचना.